आईचा पट्टा

आमच्या ह्यांच्यासारखा रंगारी शोधून सापडायचा नाही, आणि ह्यांच्यासारखा भोळसट माणूसही. आमची निम्मी गल्ली ह्यांनीच रंगवली. भंगारवाला उठला आणि तिथं कॉफीचं दुकान आलं, त्याच्या भिंती ह्यांच्या. समोरच्या जुन्या इमारतीला काचेची दारं बसली, तिचा जिना ह्यांचा. मी म्हणायचे, "अहो, गल्ली चकचकीत करताय खरं, पण मग आपल्याला इथं कोण ठेवून घेणार?" हे नुसते हसायचे.

आमचं घर भाड्याचं. दोन खोल्या, मध्ये बोळ. राहणारे आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंची नजर पार गेली तेव्हा ह्यांनी आयुष्यात एकदाच डोकं चालवलं. रंगात चाळलेली वाळू कालवली आणि त्यांच्या खाटेपासून थेट बाथरूमपर्यंत, हात पोचेल अशा उंचीवर, भिंतीवर खरखरीत पट्टा ओढला. स्वयंपाकघराच्या वळणावर तो जरा जाड. त्यावर तळहात ठेवला की म्हातारी कुणाचा आधार न घेता घरभर फिरायची. मला टोमणे मारायला ओट्याशी यायचं असलं, तर पट्टाही लागत नसे! दुसऱ्या घरात त्यांचं कसं होईल, हा घोर मला कायमचा.

आणि यंदा मालकांचा निरोप आला. करार संपतोय, घर बघून पुढचं ठरवू. झालं! ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. "घर असं करतो की मालक बघत राहतील. असा भाडेकरू कोण हातचा घालवेल?" दिवसभर लोकांच्या भिंती, संध्याकाळी आमच्या. भेगांत लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासघास घासलं, धुळीनं आम्ही खोकून बेजार. मालक यायच्या आदल्या संध्याकाळी हे पट्ट्याशी आले.

"त्याला हात लावू नका हं," मी म्हटलं.

"अगं, चांगल्या भिंतीला खरूज झाल्यासारखं दिसतं ते. सही झाली की त्याच दिवशी परत ओढतो. तोवर आईला हात धरून ने. तिला काही सांगू मात्र नकोस, उगाच घाबरेल."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली, सासूबाईंचा डोळा लागला आणि मालक आले. भिंतीवरून हात फिरवत ते बोळभर हिंडले. "वा! काय हात आहे हो तुमचा!" ह्यांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. मालकांनी तिथंच फोन काढला आणि दलालाला सांगितलं, "घर तयार आहे. रंगाला हातसुद्धा लावायला नको. उद्यापासून माणसं दाखवा." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे सोय बघा. आता या गल्लीला भाव आलाय."

ह्यांनी हात जोडले. "आई आंधळी आहे हो मालक. भाडं वाढवा, कसंही करून भरू." मालकांनी आकडा सांगितला. तो ऐकून ह्यांचे जोडलेले हात आपोआप सुटले.

मालक गेले आणि मी तोंड सोडलं. "घ्या! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात! घर रंगवलंत कुणासाठी? येणाऱ्यांसाठी!" हे भिंतीला टेकून बोळात खालीच बसले. एका शब्दानं उलटून बोलले असते तर मी आणखी भांडले असते. पण ते तसे बसलेले बघून मलाच रडू फुटलं. जायचं तरी कुठं? निरोप आल्यावर चौकशी केली होती; जवळपासची घरं परवडत नव्हती, आणि लांबच्यांनी म्हाताऱ्या माणसाचं नाव काढताच दारं लावली होती.

डोळे पुसून वर बघते तर सासूबाई उठून बोळात आलेल्या. सवयीनं त्यांनी तळहात भिंतीला लावला. तो सरसर घसरत गेला. त्या थांबल्या. वर चाचपलं, खाली चाचपलं, दोन पावलं मागे गेल्या, परत पुढे आल्या. मुलगा पायाशीच बसला होता.

"सूनबाई," परक्याच्या घरी बोलावं तशा त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "आपण घर बदललं का गं? मला सांगायचं तरी."