सुपर बिल्ट-अप स्टोव्ह

माझ्यासारखा भित्रा माणूस स्वतःच्याच घराला आग लावेल, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. चहा घ्या, सांगतो. हसायचं ते शेवटी हसा.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या जरा बाहेर मी एक छोटं घर घेतलं, सातशे स्क्वेअर फुटांचं. त्या हिवाळ्यात पुण्याहून आई यायची होती. वय चौऱ्याहत्तर, त्यात संधिवात. आदल्या वर्षी बर्फात दोन दिवस लाइट गेले होते आणि मी घरातले सगळे कोट एकावर एक चढवून बसलो होतो. आई असताना तसं झालं तर? ती गारठून गेली तर? या धास्तीनं मी लाकडांचा स्टोव्ह घ्यायचं ठरवलं.

दुकानातल्या बाईंनी घर केवढं ते विचारलं आणि कोपऱ्यातल्या एका बुटक्या स्टोव्हकडे बोट दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, आठशे स्क्वेअर फुटांसाठी.

आता मी पडलो पुण्याचा! आमच्याकडे बिल्डर हजार फूट म्हणाला की त्यात जिना, लिफ्ट आणि शेजाऱ्याची अर्धी भिंतसुद्धा धरलेली असते. हातात कार्पेट एरिया येतो सहा-साडेसहाशे. म्हणजे हे आठशेही सुपर बिल्ट-अपच असणार, नाही का? मी सरळ दोन हजारवाला घेतला. बाई तीनदा नको म्हणाल्या. पण छोटी वस्तू घ्या म्हणणाऱ्या दुकानदाराचा मला संशयच येतो.

आई आली, स्टोव्ह पेटला. अर्ध्या तासात बाहेर बर्फ आणि आत आई सुती गाऊनमध्ये, वहीनं वारा घेत बसलेली. स्टोव्ह विझवावा तर थंडीची भीती, ठेवावा तर आई उकडून निघण्याची. मी मधला मार्ग काढला आणि हवेची झडप जवळजवळ बंद केली. लाकडं नुसती धुमसत राहिली. महिनाभर रोज हेच. मला वाटलं, काय डोकं चालवलंय! तिकडे धुराड्यात काजळीचे थर चढत होते, हे मला कोण सांगणार? म्हणजे दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं, पण ते जाऊ द्या.

एका रविवारी दुपारी आम्ही वरणभात जेवत होतो. धुराड्यातून घरघर सुरू झाली. बघता बघता डोक्यावरून विमान जावं तसा आवाज, पाइप लाल आणि अलार्मचा ठणाणा. आतल्या काजळीनं पेट घेतला होता. आईला मी इथे मारायलाच आणलं, एवढंच डोक्यात येत होतं. तिला शाल गुंडाळून गाडीत नेऊन बसवलं आणि बंबवाल्यांना फोन लावला.

"घर किती मोठं आहे?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"सेव्हन हंड्रेड," मी म्हणालो, आणि सवयीनं पुढे जोडलं, "कार्पेट."

"कार्पेट?"

"येस, येस. ओन्ली कार्पेट."

बंब आला. दोघं जण छताकडे गेले आणि दोघं कार्पेट कुठंय विचारत आत घुसले. माझ्या घरात कार्पेट नाहीच! त्यांना आईची सतरंजी सापडली. ती सतरंजीच त्यांनी बर्फात नेऊन भिजवभिजव भिजवली.

धुराड्यातली आग विझली. घर वाचलं, आई वाचली, आणि मी पायरीवर बसून चक्क रडलो.

मग त्यांचा साहेब फॉर्म भरायला आला. सातशेच्या घरात दोन हजारचा स्टोव्ह का, म्हणाला. मी त्याला सुपर बिल्ट-अप समजावलं. जिना, लिफ्ट, शेजाऱ्याची भिंत, सगळं. त्यानं पेन खाली ठेवलं.

आईनं गाडीची काच खाली केली.

"मिलिंद, त्याला म्हणावं, माझ्या मुलाच्या डोक्याचंही तसंच आहे. बाहेरून सुपर बिल्ट-अप, आत कार्पेट एरिया फार कमी."

"आई, त्याला मराठी नाही कळत."

"म्हणून तर तुला सांगतेय. इंग्रजीत सांग त्याला."

सांगितलं. त्यानं लगेच पेन उचललं आणि लिहून घेतलं.