घटाला घातलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवीला सांगायची गरजच नव्हती — तिच्यासमोरच तर घडलं. भाद्रपदात पितर जेवून गेले, ऊन पिवळं पडलं, की नवरात्र तोंडावर येतं. लोकांना या दिवसांत प्रसन्न वाटतं म्हणे. मला मात्र ओल्या मातीजवळ गेलं की कुजलेल्या धान्याचा वास येतो.

रहिमतपूरजवळ आमचं गाव. नवरात्रात देवघरात पत्रावळीवर शेतातली माती पसरायची, तीत धान्य पेरायचं, मधोमध पाण्याचा घट. अंधाऱ्या खोलीत, उन्हाशिवाय, नऊ दिवसांत पिवळेधमक कोंब वर येतात. पाऊस सरलेला, थंडी अजून यायची, जुनं गेलं आणि नवं मातीतच आहे — अशा मधल्या दिवसांत आमची माणसं देवीला विचारतात, पुढं कसं? घट जसा उगवेल, ते तिचं उत्तर. मी थोरली सून. रोज पाणी घालायचा मान माझा होता.

त्र्याहत्तर साल असेल. दुष्काळ नुकता सरलेला, त्यामुळे त्या वर्षी सगळ्यांचा जीव त्या उत्तरात अडकलेला. धाकटा दीर मिलिटरीत. उन्हाळ्यात लग्न करून रजा संपताच गेलेला. त्याची बायको शालन — सांगलीकडची, हसरी, कामाला वाघ. घट बसवताना आमच्या सासूबाई, आत्याबाई, म्हणाल्या, "औंदा शालन घालंल पाणी. नवा हात हाय."

एवढंच. माझं काय गेलं होतं त्यात? काही नाही. पण मी जळले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सगळे शेतात होते, शालन माळेसाठी फुलं आणायला गेली होती. मी न्हाणीतल्या चुलीवरून तांब्याभर पाणी घेतलं. कढत. चुकून घेतलं म्हणू? तांब्या पदरानं धरावा लागला होता — इतकं कढत पाणी कुणी चुकून घेतं का? कोंब नुकते डोकावत होते, त्यांच्यावर मी ते ओतलं. देवीच्या नावानं मीच उत्तर देऊन मोकळी झाले. वाफ जाईपर्यंत तिथंच उभी होते.

दसऱ्याला पत्रावळीवर नुसती काळी माती. पुरुषांच्या टोपीत खोवायला एक तुरा नाही. आत्याबाई रागावल्यासुद्धा नाहीत. नुसतं शालनच्या हातांकडे बघितलं.

पुढं ज्वारी उत्तम आली, दीर सुखरूप रजेवर आला. मग घट खोटा ठरला, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं ना? कुणी म्हणालं नाही. पण त्यानंतर शालनला कुणी बियाण्याला शिवू दिलं नाही. पेरणीला ती बांधावर बसून राहायची. पहिला गर्भ पडला, तेव्हा माझ्याच मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अक्का, माज्या हातातच कायतरी हाय वो." मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. तोंड उघडायचं धाडस नव्हतं — की आत कुठंतरी बरं वाटत होतं? दोन्ही. खरं सांगते, दोन्ही.

नंतर तिला मुलगा झाला, वाढला, सून आली. आत्याबाई केव्हाच गेल्या होत्या. एका नवरात्रात त्या सुनेनं धान्याचं सूप शालनपुढं धरलं. "आत्या, औंदा तुमी पेरा." शालननं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. देवघरात आम्ही तिघीच होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक.

"तिला कशाला गं? आण इकडं," म्हणत मी सूप ओढून घेतलं.

त्या वर्षी घट दाट उगवला. शालन शेजारणींना बोलावून बोलावून दाखवत होती, "बघा आमच्या अक्काचा हात." पौषात ती गेली.