बसस्टॉपवरचं पुरणयंत्र

"पीछे हटो, कोई हाथ नहीं लगाएगा," उमेदवार जीपच्या टपावर चढून कर्ण्यातून ओरडत होता. दुर्गापुऱ्याच्या बसस्टॉपवर जमलेले तीन हजार लोक एकदम मागं सरले. वडील म्हणतात, साठ होते. पण जन्म बँकेत गेल्यामुळं ते सगळंच कमी धरतात.

बाकावर पंच्यात बांधलेली एक गोल वस्तू होती. गाठीतून लोखंडी दांडा वर आलेला.

ते पुरणयंत्र होतं आणि तिथं मीच विसरले होते. तेव्हा आख्ख्या जयपुरात मराठी घरं चाळीस आणि पुरणयंत्र एक. बदली झाली की माणसं जायची, यंत्र मागं राहायचं. होळीला ते आमच्याकडं यायचं आणि चाळीसही घरं जेवायला यायची. मी नऊ वर्षांची. ते आणताना वाटेत बोरं घ्यायला थांबले आणि बोरं तेवढी घेऊन घरी गेले. आईनं परत पिटाळलं, तर हा प्रकार.

या उमेदवाराला महिनाभर कुणी रस्त्याबद्दल विचारलं, की तो डोळे बारीक करायचा. "आतंकवादी दाराशी आलेत आणि तुम्हाला खड्डे दिसतात?" विचारणारा शरमून घरी जायचा. आमच्या गल्लीत तर लोक दूधवाल्याच्या किटलीला कान लावून मगच दूध घ्यायला लागले होते. एवढं बोलून झाल्यावर त्याला खरीखुरी बेवारस वस्तू आज मिळाली होती. हवालदार गाठ सोडायला वाकला, तर यानं त्याला थांबवलं. संध्याकाळच्या सभेला फोटोवाला येणार होता, तोवर वस्तू बंदच हवी होती.

मी धावत घरी जाऊन सांगितलं. चुलीएवढ्या पातेल्यात डाळ-गूळ शिजून तयार होता.

"गार झालं की दगड होतं ते," आई म्हणाली. "मग खुशाल बाँब म्हणून वापरा." आणि हातातल्या उलथन्यासकट निघाली.

गर्दीनं तिला वाट दिली, ती उलथन्यामुळं.

"भैया, ये हमारा है."

"भाभीजी, अंदर क्या है, मालूम है?"

"जाली है."

"शाम तक रुकिए. देश का सवाल है."

"शाम तक चालीस घर भूखे बैठेंगे क्या?"

तिनं गाठ सोडली आणि नीट चालतंय ना बघायला दांडा फिरवला. घर्रर्र. तीन हजार माणसं पालथी पडली. उमेदवार टपावरून थेट समोरच्या उसाच्या गाड्यामागं गेला. मधली जागा त्यानं कशी ओलांडली हे कुणीच पाहिलं नाही. आधी हवालदार हसला. मग सगळा रस्ता हसायला लागला, तो पार पलीकडच्या जगतपुऱ्यापर्यंत ऐकू गेला असणार.

पुरण जेमतेम कोमट होतं. तिघी बायका दांड्याला लटकल्या तेव्हा कुठं ते उतरलं. गर्दी वासामागं आमच्याच अंगणात आली आणि मतदार तिकडं म्हणून उमेदवारही आला. पाच पोळ्या झाल्यावर आईजवळ येऊन हात जोडून हळूच म्हणाला, "भाभीजी, सभेत मी सांगतो की मोठं संकट टळलं. तुमची काही हरकत?"

"नाही," आई म्हणाली. "पुरण जरा भरड राहिलं."