पिठीची टेकडी

परवा देवळाली कॅम्पला ओळखीच्यांकडे निघाले होते. लष्कराच्या गोल्फ मैदानाच्या कडेने रिक्षा चालली होती आणि आत गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. नुकत्याच कापलेल्या गवताचा तो हिरवा, किंचित गोडसर वास रिक्षात शिरला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की याला मीठ कमी पडलंय. मी मोठ्याने हसले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, "काय झालं ताई?" आता त्याला काय सांगणार! ज्या गवताच्या वासावर माझं नाक पोसलं, त्याच्या एका अंगाला समुद्र होता. तिथे सकाळी गवत कापलं, की त्या हिरव्या वासात ओली वाळू, शेवाळ आणि पलीकडच्या वाडीत वाळत घातलेली मासळी यांची खारट फोडणी पडायची. देवळालीचं गवत देखणं आहे, पण मला ते आजाऱ्याच्या पथ्याच्या जेवणासारखं वाटलं.

गवताचं हे वेड बाईंनी लावलं. कॉलेजात त्या आम्हाला बागा आणि मैदानं आखायला शिकवत. पुढे मी त्यांच्याच ऑफिसात लागले, तरी माझ्या तोंडी त्या बाईच राहिल्या. त्यांचे वडील नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यजमानांचे विधी करणारे आणि मुलगी गोल्फची मैदानं आखणारी. नातेवाईकांनी विचारलं तर त्यांची आई सांगे, "बागांचं काहीतरी करते." माझ्या घरी तरी काय वेगळं होतं? नामपूरला आमचं सगळं आयुष्य कांद्याभोवती फिरणारं. मी पहिल्यांदा नकाशा दाखवला तेव्हा आई कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इतली जमीन शे, आन् लावतस काय, तं गवत!" बाईंना हे सांगितलं तर त्या आठवडाभर येईल त्याला तेच ऐकवून हसत होत्या.

बाईंची कामाची रीत त्यांच्या स्वयंपाकघरात होती. ऑफिसात संगणक होते, महागडे आराखडे होते. पण ग्रीन, म्हणजे चेंडू शेवटी ज्या भोकात घालायचा त्याच्या भोवतालची गुळगुळीत हिरवळ, ही प्रत्येक वेळी आधी कणकेची व्हायची. परातीत घट्ट कणीक मळायची, अंगठ्याने उंचवटे काढायचे, तळहाताने उतार द्यायचे आणि मग वाटीने वरून पाणी सोडायचं. पाणी कुठे धावतं, कुठे रेंगाळतं, कुठे तळं करून बसतं, हे त्या गालाला हात लावून बघत बसायच्या. पाणी साचलं की कणीक पुन्हा मळायची. त्या कणकेच्या पोळ्या मात्र कधी झाल्या नाहीत. त्यांच्या दारातली गाय गोल्फची मैदानं खाऊन गलेलठ्ठ झाली होती.

कोकणातल्या त्या समुद्रकाठच्या मैदानाचं काम आलं आणि पाण्याची वाटी अपुरी पडली. मोठ्या अजिंक्यपद स्पर्धा भरवता येतील असं मैदान मालकांना हवं होतं. आम्ही दोघी घाटावरच्या बायका. जमिनीचा आणि पाण्याचा हिशेब आम्हाला कळत होता, पण किनाऱ्यावर राज्य वाऱ्याचं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते ते तिथे अंगावर आले. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे, दुपारी उलटा. बाईंच्या डोळ्यांत चमक आली. म्हणाल्या, "अगं, हे एकाच जागेवर दोन मैदानं आहेत. सकाळी खेळणाऱ्याला जे सोपं, ते दुपारच्याला महाकठीण." त्यांनी सोळावा होल, म्हणजे खेळाच्या अठरा टप्प्यांतला सोळावा, असा आखला की खेळाडूने छोट्या खाडीवरून चेंडू मारायचा आणि तो पलीकडच्या ग्रीनवर उतरायचा. त्या ग्रीनच्या आणि समुद्राच्या मधे वाळूची एक लांबट टेकडी होती. तिच्यावर मर्यादवेल पसरलेली. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूत पाय रोवून बसते आणि वाळूला हलू देत नाही. बाईंच्या आराखड्यात ती टेकडी होती तशीच होती, केसालाही धक्का न लावलेली.

मालकांना ती नको होती. पहिल्या स्पर्धेला बडे पाहुणे येणार, त्यांचा मांडव नेमका टेकडीच्या जागी, पुढे अथांग समुद्र. "अहो बाई, लोक समुद्र बघायला येणार आहेत. तुम्ही त्यांना वाळूचा ढीग दाखवणार?" बाई म्हणाल्या, "ढीग काढला तर समुद्र दिसेल, पण ग्रीन दिसणार नाही. दोन पावसाळ्यांत वाळूखाली जाईल." पत्रं झाली, बैठका झाल्या, दोघंही हटेनात. मग एकदा मालक बायकोला आणि मॅनेजरला घेऊन त्र्यंबकेश्वरला पूजेला आले आणि परतताना बाईंकडे चहाला थांबले. बाईंनी तयारी करूनच ठेवली होती.

ओट्याजवळच्या टेबलावर कणकेचा सोळावा होल मांडलेला होता. समुद्राच्या बाजूला तांदळाच्या पिठीची वाळू, टेकडीवर मर्यादवेल म्हणून कोथिंबिरीच्या काड्या खोचलेल्या आणि त्यापलीकडे टेबलफॅन. उकाडा मरणाचा होता. पाहुण्याला वाऱ्याला बसवायचं ही आपली साधी रीत. त्या रीतीने बाईंनी मालकांना चांगली खुर्ची दिली ती बरोबर पंख्यासमोर, ग्रीनच्या मागे. पंखा लावला. पिठी उडाली, टेकडीवर चढली, कोथिंबिरीत अडकून बसली. हिरवळीवर कणभर आली नाही. "बघा," बाई म्हणाल्या. मग पंखा बंद करून त्यांनी उलथन्याने टेकडी खरवडून काढली, वर ताजी पिठी पसरली आणि पुन्हा बटण दाबलं. पुढचं सगळं क्षणात झालं. ग्रीन तर गायब झालंच; पण मालकांचा रेशमी झब्बा, मिशा, भुवया, कपाळावरचं त्र्यंबकचं गंध, सगळं पांढरंफटक. आधी त्यांच्या बायकोला हसू फुटलं. मग मॅनेजरला. मग, देवा रे, मलाही. मालक उठले, रुमालाने तोंड पुसलं, चहा न घेता गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. बाईंचे आभार मानले होते, पुढचं काम दुसरीकडे देत होते आणि टेकडीवर लवकरच जेसीबी लागणार होता. मी संतापले होते. बाई शांतपणे परातीला वाळून चिकटलेली कणीक नखाने काढत होत्या. म्हणाल्या, "चूक माझीच. त्याला पटलं गं. पण बायकोसमोर पटलं, नोकरासमोर पटलं. आता माझ्या तोंडून आलेल्या कशालाच तो हो म्हणायचा नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तू जा. एकट्याला गाठ. टेकडी वाचवायची आहे हे बोलूसुद्धा नकोस. म्हण, हा माझा वेगळा आराखडा, मांडव टेकडीच्या मागे, ग्रीनच्या कडेला उंच चौथऱ्यावर घालू. तिथून समुद्रही दिसेल आणि खेळाडूचं तोंडही. बाईंचं काम जुनाट होतं म्हण. आणि माझं नाव कुठे येता कामा नये. आत्ता नाही, पुढेही नाही. शब्द दे."

"मी नाही जाणार. मैदान तुमचं आहे."

"माझं नसलं तरी चालेल. असलं पाहिजे."

एवढं बोलून त्यांनी परात धुवायला घेतली. त्यांचा हात थांबला नाही, आवाज हलला नाही. मलाच रडू आवरेना. असा निर्धार मी त्याआधी पाहिला नव्हता. आपल्या हयातीतलं सगळ्यात सुंदर काम ही बाई माझ्या ओंजळीत टाकून भांडी विसळत होती.

शेवटी मी शब्द दिला आणि गेले. सांगितल्याप्रमाणे सगळं बोलले, फक्त 'जुनाट' हा शब्द काही केल्या तोंडातून निघाला नाही. मालकांनी आराखडा बराच वेळ न्याहाळला, झब्ब्याच्या बाहीवरून उगाच हात फिरवला आणि म्हणाले, "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?" त्यांना सगळं कळलं होतं, अशी माझी आजही खात्री आहे. जेसीबी आला नाही.

पहिल्या स्पर्धेचं प्रक्षेपण आम्ही दोघींनी बाईंच्या घरी टीव्हीवर पाहिलं. दुपारचा खारा वारा सुटला होता. भल्याभल्यांचे चेंडू सोळाव्याला खाडीत जात होते. समालोचक मालकांच्या दूरदृष्टीचं कौतुक करायला लागला आणि मी रिमोट उचलला. बाई ओरडल्या, "बस खाली! वेल बघ, केवढी पसरलीये." त्यांचा चेहरा लेकीच्या मांडवात उभ्या असलेल्या आईसारखा झाला होता. मला मात्र तेव्हा राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही.

बाई आता नाहीत. ऑफिस मी चालवते आणि कणीकही मीच मळते. गेल्या पावसाळ्यात किनाऱ्याला उधाणाने झोडपलं तेव्हा धावत तिथे गेले. पुळणीचा मोठा पट्टा वाहून गेला होता, मांडवाच्या चौथऱ्याची खाडीकडची कड खचली होती. टेकडी मात्र जागेवर होती, थोडी झिजलेली, वेलीला नवे फुटवे आलेले, आणि तिच्या मागे ते ग्रीन, नुकतं सारवल्यासारखं स्वच्छ. जवळच्या संगमरवरी पाटीवर मोठ्या अक्षरांत मालकांचं नाव आहे आणि खाली रचनाकार म्हणून माझं. ती पाटी वाचायला लागले की माझी मान आजही वर होत नाही. तिथे उभी राहून मी ठरवलं, की निदान एकदा तरी हे लिहायचं.

शब्द दिलाय, म्हणून त्यांचं नाव मी इथेही घेतलेलं नाही. पण नाशिकची एक बाई होती आणि ती टेकडी तिची आहे, एवढं न लिहिण्याचा शब्द मी कुणालाही दिलेला नाही.