झेलीबाईची मेड्युसा

पॅरिसच्या बाजारात माझ्या चीजच्या दुकानाशेजारी झेलीबाई मासे विकायची. तिने हाक मारली की शेजारच्या चर्चमधल्या पाद्र्याचं प्रवचन अडखळायचं. आमच्या माळ्यावर राहणाऱ्या लरू चित्रकाराला तिच्यात मेड्युसा दिसली. मेड्युसा म्हणजे ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली बाई. तिच्याकडे बघणारा दगड होतो.

"पण साप कुठून आणायचे?" लरू म्हणाला.

"सापांचं काय घेऊन बसलास? माझ्याकडे सापासारखे लांबडे वाम मासे आहेत की!"

तीन आठवडे ती डोक्यावर मेलेले वाम घेऊन लरूसमोर बसली.

"बाई, जरा मृत्यूचा विचार करा."

"कंबर मेलीये माझी. तेवढ्यावर भागव."

प्रदर्शनाला आम्ही दोघी नटूनथटून गेलो. चित्रात एक हिरवट, उपाशी बाई होती. एक दाढीवाले गृहस्थ झेलीला समजावू लागले, "हे स्त्रीच्या गूढ शक्तीचं प्रतीक आहे. तिच्या नजरेने पुरुष दगड होतो."

"प्रतीक कसलं डोंबलाचं? माझा नवरा अनातोल लग्नापासून दगडासारखाच बसलाय!"

सगळे खो खो हसले. लरू लालबुंद झाला. झेली मात्र एकदम गंभीर झाली.

"माझे गाल कुठे गेले रे?"

"गालांमुळे... भीती वाटत नव्हती."

"पोटभर जेवलेल्या बाईची भीती वाटत नाही? उद्या ये बाजारात, दाखवते."

लरू निमूटपणे आला. तिने त्याला दुकानाच्या पाटीवर आपला चेहरा रंगवायला बसवलं आणि गाल तीनदा मोठे करून घेतले.