शक्की मामांचं गोडं पाणी

आमचे वालूरचे मामा घराला कुलूप लावून झालं की आपल्याच दारावर थाप मारत आणि कान लावून उभे राहत. आत कोणी चुकून राहिलं असेल तर ओ देईल, असा त्यामागचा विचार. घरात माणसं दोनच, मामा आणि मामी. लेकरूबाळ नव्हतं. मामी तर पिशवी घेऊन पायरीखाली उभ्या असायच्या. "आहो, मी हितं हाय. आतून कोण ओ देईल?" असं त्या म्हणायच्या. मामा म्हणायचे, "तू हायस ते दिसायलंय. न दिसणाऱ्याचं काय?" मामी बसस्टँडच्या दिशेनं चालू लागायच्या.

गावानं त्यांचं नाव शक्की अण्णा ठेवलं होतं. बाजारात त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. पोत्यातली तूर ते हातात घेऊन बघत नसत, थेट दाताखाली धरत. "डोळ्याला फसवता येतंय, दाताला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानापुरतं हे ठीक होतं, पण मामांनी सगळं जगच दाताखाली धरलं होतं. लग्नाची पत्रिका आली की, "एवढ्या अगत्यानं कामून बोलवायलेत?" देवघरात शेजाऱ्यांनी काशीहून आणून दिलेला, तोंड बंद केलेला तांब्याचा गंगेचा गडू होता. त्याला ते रोज हळदकुंकू वाहत आणि रोज म्हणत, "आत गंगा हाय का कुण्या नळाचं पाणी, बघितलंय कोणी?"

मामींचा स्वभाव अगदी उलटा. त्यांचं माहेर सोनपेठकडं, गोदावरीच्या काठचं. समोरच्यानं सांगितलं ते खरं मानायचं आणि हसायचं, एवढंच त्यांना येत होतं. आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली, समुद्र. "माझी नदी शेवटाला जाती कुठं, ते एकदा बघायचंय," असं त्या दरवर्षी म्हणायच्या आणि दरवर्षी मामांना काहीतरी शंका यायची. एकदा मी स्वस्तातल्या कोकणदर्शनाची जाहिरात दाखवली, तर म्हणाले, "स्वस्तात कामून दाखवायलाय? समुद्र काय ह्याच्या बापाचा हाय?" बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा मामी खुश झाल्या. मामा म्हणाले, "अर्ध्या तिकिटात अर्ध्या वाटंवर उतरवतील. मंग येशील पायी."

म्हणून एक दिवस मामा मामींना घेऊन परभणीला माझ्या घरी येऊन "माय, तो स्वस्तातला समुद्र कुठं हाय?" असं विचारू लागले, तेव्हा मलाच शंका आली. मामा भाच्यांना माय म्हणत. मामी आतल्या खोलीत पडल्या होत्या. हल्ली त्यांना चालताना दम लागायचा, म्हणून मामांनी त्यांना दवाखान्यात दाखवून आणलं होतं. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" मामा आवाज खाली आणून म्हणाले, "काही न्हाई, वयामुळं हाय म्हणला. पर माझ्याकडं बघून हसला, माय. अन् फी घेतली न्हाई त्यानं. काही नसतं तर घेतली असती. मला शक हाय, हिचे दिवस थोडे हायत."

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन डॉक्टरांना भेटले. मामांचा शक खरा होता. मामींचं हृदय थकलं होतं आणि या वयात फार काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. आयुष्यभर आम्ही ज्या शंकांना हसत आलो, त्यातली ही एक तरी खोटी ठरायला हवी होती. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या त्यांना, फक्त फार चालवू नका. मामींना आम्ही काही सांगितलं नाही.

परभणीहून रेल्वेनं कोल्हापूर आणि तिथून एसटीनं मालवण, असं ठरलं. राहायला मी फोनवर एक घरगुती खोली शोधली. लोकांनी तिच्याबद्दल भरभरून चांगलं लिहिलं होतं. मामा म्हणाले, "हे लिहिणारे त्याचे मेव्हणे असतील." निघताना मात्र मी कपाळाला हात लावला. मामांनी तेलाचे रिकामे कॅन धुऊन त्यात घरचं पाणी भरून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्याकडं समुद्र शेकडो कोस लांब, तरी बोअरला खारं पाणी लागतं. मग समुद्राच्या काठावर गोडं कुठून लागणार? मी पुष्कळ सांगितलं. "तिथली माणसं काय खारं पीत असतील का, मामा?" त्यावर म्हणाले, "त्यांना सवय असंल." ते जड कॅन उचलत, गाड्या बदलत आम्ही मालवणला पोचलो. वाटेत प्रत्येक घोटाला तेलाचा वास येत होता.

खोलीच्या मालकीणबाईंनी आल्या आल्या तांब्याभर पाणी पुढं केलं. "आमच्या विहिरीचं आहे, गोडं आहे," असं त्या कौतुकानं म्हणाल्या. मामांनी तांब्या घेतला, पाय धुतले आणि प्यायला कॅन उघडला. बाईंचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फिरायची मामांची पद्धत स्वस्तातली होती. जे बघायला तिकीट नाही ते आधी बघायचं. त्या हिशेबानं किनारा पहिला आला. मामी वाळूत चप्पल काढून उभ्या राहिल्या. लाट पावलांवरून आली आणि परत गेली. त्या म्हणाल्या, "आमची गोदावरी हितंच येती व्हय?" मामा म्हणाले, "न्हाई, ती पार तिकडल्या समुद्राला जाती. हा दुसरा हाय." मामी म्हणाल्या, "तिकडलं पाणी हिकडं येत नसंल कशावरून?" आयुष्यात पहिल्यांदा शंका मामींनी काढली होती.

पुढं बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. आमच्या घरात मासे कोणी खात नाही, तरी मामा हात मागं बांधून तिथं बराच वेळ रमले. निघताना माझ्या कानात म्हणाले, "माल ताजा हाय. पर तो चौकड्याच्या शर्टवाला बोली वाढवायलाय ना, तो इकणाऱ्याचाच माणूस हाय." शंका काढायला इतकी जागा मिळाल्यानं त्यांची तब्येत खुलली होती.

किल्ला समोरच पाण्यात उभा होता. मामींनी तिकडं बोट दाखवलं आणि मामांचा चेहरा उतरला. होडीवाल्याला त्यांनी उलटतपासणीला घेतलं. होडी जुनी कामून? परत आणायला तूच येणार का दुसरा? मधी बंद पडली तर? होडीवाला बिचारा हसत हसत उत्तरं देत होता आणि त्याच्या हसण्यानं मामांचा संशय आणखी वाढत होता. शेवटी ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. किल्ला हितूनच चांगला दिसायलाय." तेव्हा मामींनी पदर खोचला. "तुमी बसा हितं शक घेत. मला पुन्ना कोण आणणार हाय?" असं म्हणून त्या माझा हात धरून होडीत चढल्या. आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं. मामा क्षणभर काठावर उभे राहिले आणि मग उडी मारल्यासारखे आत आले. सगळा वेळ त्यांनी मामींच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. बरोबर आणलेला पाण्याचा कॅन धक्क्यावरच राहिला.

किल्ल्यात महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत असं कळलं. तिथं मामांनी काही विचारलं नाही. टोपी काढली आणि डोकं टेकलं. पण तेवढ्या चालण्यानं मामींचा दम तुटायला लागला. त्या एका झाडाखाली बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी." पिशवीत रिकामी बाटली होती. मामांनी ती उलटी करून पाहिली. होडी यायला वेळ होता आणि चारी बाजूंनी समुद्र.

जवळच एक विहीर होती. किल्ल्यात राहणारी एक बाई पाणी शेंदत होती. तिनं कळशी पुढं केली, "घ्या हो, गोडं आहे. साखरबाव म्हणतात हिला." मामांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि एक घोट तोंडात धरून ठेवला, तूर दाताखाली धरायचे तसाच. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी घोट गिळला आणि मामींपुढं बसले. "पी," ते म्हणाले, "गोड हाय. घरच्यापेक्षा गोड हाय." मामी पोटभर प्यायल्या. त्यांचा श्वास जागेवर आला, तेव्हा मामा उठले, त्या बाईकडून दोर मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं पाणी शेंदून बाटली भरली. मामी म्हणाल्या, "आता कशाला?" मामा म्हणाले, "समुद्रात गोडं पाणी निघतंय म्हणलं तर वालूरात कोण खरं मानंल?"

ती बाटली देवघरात गंगेच्या गडूशेजारी जाऊन बसली. संक्रांतीच्या आसपास मामी गेल्या. शेवटच्या घटकेला घरात शेजारपाजार जमला होता. कोणीतरी लगबगीनं गडू उतरवला आणि त्याचं तोंड फोडायला खिळा मागितला. मामा मामींच्या उशाशी बसले होते. ते म्हणाले, "ते ठिवा. त्यात काय हाय मला ठावं न्हाई." उठून त्यांनी ती बाटली आणली. "हे मी माझ्या हातानं शेंदलंय. तिनं पिऊन बघितलेलं हाय." आणि चमच्यानं थोडं थोडं पाणी मामींच्या तोंडात सोडलं. गंगा सोडून विहिरीचं पाणी घातलं म्हणून गावात अजून कुजबुज होते. मामींच्या तोंडात शंकेचा थेंबही जाऊ नये, एवढंच त्या माणसाला वाटत होतं. मी तिथं होते, मला ते कळलं.

परवा मी मामांना चार दिवस परभणीला आणायला म्हणून वालूरला गेले. त्यांनी खिडक्या ओढून पाहिल्या, दाराला कुलूप लावलं आणि नेहमीसारखी दारावर थाप मारली. पायरीखाली पिशवी घेऊन मी उभी होते. मामा कान लावून पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ दाराशी थांबले. बसची वेळ झाली होती, तरी मी पिशवी पायरीवर टेकवली.