फौजदारीणबाईंचा प्रश्न

औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षं उभ्या असलेल्या बाईंना सगळे फौजदारीण म्हणत, कारण साध्या सर्दीच्या गोळीसाठीही त्या उलटतपासणी घेत. "दुसरं औषध चालू आहे का?" असं मात्र त्या कधीच विचारत नसत. त्यावर लोक बेधडक 'नाही' म्हणतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न वेगळाच असे: "सकाळपासून तोंडात काय काय टाकलंत?"

एकदा त्यांचा धाकटा भाऊच चोंदलेलं नाक घेऊन आला आणि नाक मोकळं करणारी गोळी मागू लागला.

"सकाळपासून तोंडात काय काय टाकलंस?"

"ताई, सख्खा भाऊ आहे मी तुझा!"

"काउंटरपलीकडे सगळी गिऱ्हाइकंच. बोल."

"चहा, टोस्ट, आणि..." तो ओशाळला. "कामात लक्ष लागायची गोळी. डॉक्टरांनीच दिलीय, सहा महिने झाले. पण ते काही औषध नव्हे गं, मी आजारी थोडाच आहे?"

बाईंनी काढलेलं पाकीट परत खणात टाकलं.

"त्या गोळीनं छातीचे ठोके आधीच वाढतात. वर ही घेतलीस तर रक्तदाबही चढेल. आगीत तेल कशाला ओततोस?" त्यांनी मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा फवारा पुढे सरकवला. "हा खुशाल वापर. एवढ्यानं भागलं नाही, तर तुझ्या डॉक्टरांना विचार."

भाऊ दारात घुटमळला. "आईला सांगू नकोस हं."

"अरे वेड्या," फौजदारीणबाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत म्हणाल्या, "इथून बाहेर गोळ्या जातात, गोष्टी नाहीत."